बोलायचा नंबर कधी येणार?

जून 2000 मध्ये मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं. तोवर पाचवीत एबीसीडी गिरवायची रीत होती. माण-खटाव असो की जत-आटपाडी, गुरुजींचं स्वतःचं इंग्रजी तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेच्या वळणाचं. पुस्तकं बदलली, तास वाढले. पण वर्गात इंग्रजी बोलायचं ते गुरुजींनीच. चाळीस पोरांत एकेकाचा नंबर कधी लागणार?

पुढच्या दशकात साताऱ्याजवळच्या कुमठे बीटमध्ये विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे यांच्या पुढाकाराने जिल्हा परिषदेच्या शाळांत ज्ञानरचनावाद रुजला. पोरं गटात बसून, हाताळून, बोलून शिकू लागली आणि ते पाहायला राज्यभरातले शिक्षक आले. 2017 मध्ये दीक्षा ॲप आलं, बालभारतीच्या पुस्तकांवर क्यूआर कोड आले. व्हिडिओ छान होते. पण बोलायचं व्हिडिओनं आणि ऐकायचं पोरांनी, हे जुनंच.

मार्च 2019 मध्ये गूगलचं ‘बोलो’ हे वाचनाचं ॲप आलं, तेच पुढे ‘रीड अलाँग’ झालं. त्यातली दिया ही बोलकी सोबतीण मूल वाचतं ते ऐकते, अडलेला शब्द म्हणून दाखवते. गोष्टी एकदा उतरवून घेतल्या की रेंज नसली तरी चालतं. नोव्हेंबर 2022 मध्ये चॅटजीपीटी आलं आणि संभाषणच सुरू झालं. ‘मी काल जतला गेलो होतो’ हे मनात धरून पोरगं ‘आय हॅड गॉन टू जत यस्टरडे’ लिहितं. इथे ‘वेंट’ का हवं, हे यंत्राला मराठीतून विचारता येतं. दहादा विचारलं तरी ते वैतागत नाही आणि चुकलं म्हणून मागच्या बाकावरून कुणी हसत नाही.

त्याच 2022 साली सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांच्या वडगावने मात्र रोज संध्याकाळी सातला भोंगा वाजवून, दीड तास मोबाइल-टीव्ही बंद ठेवून अभ्यासाचा पायंडा पाडला. दोन्ही बरोबरच. बोलायची भीती मोडायला यंत्र चांगलं, पण त्याच्याकडून आयता निबंध उतरवून घेतला की शिकणं संपलं. वही यंत्राशिवाय भरावी आणि मग ती त्याच्याकडून तपासून घ्यावी.

आणि ज्या घरात एकच फोन, तोही बापाबरोबर उसाच्या फडात, तिथल्या पोरांचं काय? त्यांचा नंबर शाळेतच लागायला हवा. त्यासाठी नुसते टॅब वाटून भागणार नाही, वेळापत्रकात रोज बोलायला वेळ राखावा लागेल.