तांब्याच्या जोडीची खबर

नागपूरचा पारा मे २०१३ मध्ये ४७.९ अंशांवर गेला होता. अशा दिवसांत खांबावरून घरात उतरणारी टेलिफोनची तारही तापते. तांब्याचा विद्युतरोध दर अंशामागे साधारण ०.४ टक्क्यांनी वाढतो. थंडीतल्या दहा अंशांवरून उन्हाळ्यातल्या पंचेचाळीसपर्यंत जाताना ही वाढ चौदा टक्क्यांच्या घरात पोचते. नुसत्या बोलण्याच्या फोनला त्याने काही बिघडत नाही, ब्रॉडबँडला मात्र बिघडतं. पावसाळ्यात जॉइंटमध्ये पाणी शिरलं किंवा सिमेंट रस्त्याच्या खोदकामात केबलला धक्का बसला, की लाइनची कुवत आणखी घसरते. ही घसरण एका यंत्राला तत्काळ कळते. ग्राहकाकडे किती डेटा सोडायचा हे मात्र दुसरंच यंत्र ठरवतं.

बीएसएनएलची ‘डेटावन’ सेवा जानेवारी २००५ मध्ये सुरू झाली. २००४ च्या सरकारी धोरणाने ब्रॉडबँडची किमान मर्यादा २५६ केबीपीएस ठरवली होती. एक्स्चेंजमधून पिलर म्हणजे रस्त्याकडेची जोडपेटी, पिलरवरून डीपी म्हणजे घरांजवळची छोटी पेटी आणि डीपीवरून ड्रॉप वायरने घरात, अशी ही तांब्याची जोडी. तिच्यावरून एवढा वेग बहुतेक ठिकाणी निघत असे. जानेवारी २००७ पासून दोन एमबीपीएसपर्यंतचा वेग मिळू लागला, आणि कुणाची जोडी किती लांब, कुणाची किती जुनी, हा प्रश्न पुढे आला. एक्स्चेंजला लागून असलेल्या घराची आणि चार किलोमीटरवरच्या घराची लाइन एकाच प्लॅनची असली, तरी एकाच कुवतीची नसते.

ती कुवत मोजतो डीस्लॅम, म्हणजे एक्स्चेंजमधलं शेकडो जोड्या एकत्र करणारं यंत्र. एडीएसएल-टू-प्लस पद्धतीत तारेवरचा २.२ मेगाहर्ट्झचा पट्टा ५१२ अरुंद सुरांमध्ये विभागलेला असतो. मोडेमवरचा दिवा लुकलुकतो तेव्हा मोडेम आणि डीस्लॅम प्रत्येक सूर तपासत असतात. ज्यावर गोंगाट कमी, त्यावर जास्तीत जास्त १५ बिट. ज्यावर जास्त, त्यावर थोडे किंवा शून्य. बेरीज झाली की त्या क्षणापुरता लाइनचा वेग ठरतो आणि मोडेमच्या पानावर ‘शोटाइम’ असं झळकतं. गोंगाट वाढून लाइन तुटली, तर हा हिशेब पुन्हा पहिल्यापासून.

दुसरं यंत्र म्हणजे बीएनजी, ग्राहकांची सत्रं सांभाळणारा मोठा राउटर. पासवर्ड तपासून घेणं, प्लॅन लागू करणं, वापर मोजणं ही त्याची कामं. अनेक डीस्लॅम त्याला जोडलेले असतात, पण तांब्याची तार त्याला दिसत नाही. समजा, लाइन सहा एमबीपीएसवर आली आणि बीएनजी दहानेच पाठवत राहिला. नागपूरच्या कळमना बाजारातून सुटलेल्या ट्रकवाल्याला दुकानाचं गोदाम केवढं हे ठाऊक नसेल, तर दारात उरलेल्या पेट्यांत नासका माल कोणता नि उत्तम संत्री कोणती, हे पाहायला कुणी थांबत नाही. डीस्लॅमच्या दारातही तसंच होतं: फोनवरचं बोलणं आणि फाइलचा डाउनलोड सारख्याच बेपर्वाईने गळतात. कुठला डेटा आधी जावा, हे बीएनजीला कळतं. म्हणून वेगाला आवर घालायचा तर तो तिथेच घालायला हवा.

पहिला तोडगा २००६ च्या सुमारास रूढ झाला. मोडेम पीपीपीओई या जोडणीच्या पद्धतीने सत्र मागतो, त्या पहिल्याच विनंतीला डीस्लॅम एक चिठ्ठी जोडतो: कोणता डीस्लॅम, कोणता स्लॉट, कोणता पोर्ट, आणि लाइनचा चढता-उतरता वेग. सोपी युक्ती, पण चिठ्ठी जाते सत्राच्या सुरुवातीलाच. दुपारी लाइन क्षणभर तुटून कमी वेगाने परत जुळली आणि सत्र तगून राहिलं, तर बीएनजी सकाळच्याच आकड्यावर विसंबून राहतो.

ही फट बुजवायला एएनसीपी हा प्रोटोकॉल आला. त्याची चौकट २०१० मध्ये आणि प्रत्यक्ष नियम ऑक्टोबर २०११ मध्ये, आरएफसी ६३२० म्हणून प्रसिद्ध झाले. यात डीस्लॅम स्वतः बीएनजीच्या ६०६८ क्रमांकाच्या पोर्टवर टीसीपी जोडणी उघडतो. दोघं एकमेकांची ओळख पटवतात, कोणती कामं दोघांनाही जमतात हे ठरवतात आणि संपर्क टिकल्याची खूण अधूनमधून देत राहतात. लाइन जुळली की ‘पोर्ट अप’चा निरोप जातो, त्यात प्रत्यक्ष वेग, शक्य असलेला कमाल वेग आणि डीएसएलचा प्रकार असतो. तुटली की ‘पोर्ट डाउन’. बीएनजी लगेच आपला आवर बदलतो. त्यात एक बारकावा असतो: जुन्या एडीएसएलमध्ये डेटा ५३ बाइटच्या एटीएम सेलमधून जातो आणि त्यातले ५ बाइट नुसत्या शीर्षकाचे. हा नऊ टक्क्यांहून जास्त भार वजा न करता आवर घातला, तर अचूक आकडा हाती असूनही गळती होतेच.

निरोप उलट दिशेनेही जातो. ग्राहकाने प्लॅन बदलला तर बीएनजी डीस्लॅमला त्या लाइनची नवी मांडणी कळवू शकतो. तक्रार आली तर दूरवरूनच लाइनची चाचणी करायला सांगू शकतो. दोष तारेत आहे की पुढे, हे लाइनमन पिलरपाशी पोचण्याआधीच समजू शकतं.

आता नागपुरातही घरोघरी फायबर येतो आहे. काचेच्या तंतूला दुपारच्या उन्हाने गोंगाट होत नाही. जीपॉन या फायबरच्या पद्धतीत २.४८८ जीबीपीएसचा एकच उतरता प्रवाह अनेक घरांत वाटला जातो. त्यामुळे एएनसीपीचं प्रत्येक तारेच्या वेगाची खबर देण्याचं काम हलकं झालं. ती चिठ्ठी मात्र टिकून आहे: फायबरचं ओएलटी यंत्रही सत्राच्या विनंतीला पोर्टची ओळख जोडू शकतं. वेग किती, हा प्रश्न तांब्याबरोबर मागे पडत असला, तरी ही लाइन कुणाची, हे बीएनजीला आजही स्वतःहून कळत नाही. ते तारेच्या जवळच्या यंत्रानेच सांगावं लागतं.