समृद्धीवर जाण्याआधी चाकातली हवा

उन्हाळ्यातली लग्नसराई म्हणजे आपल्याकडे गाड्या भरून निघण्याचे दिवस. पांढुर्ण्याहून निघा की सौंसरहून, दोन्ही रस्ते सावनेरला मिळतात. पुढे नागपूर, आणि आता शिवमडक्यावरून थेट समृद्धी महामार्ग. डिसेंबर 2022 मध्ये तो शिर्डीपर्यंत सुरू झाला आणि जून 2025 मध्ये पूर्ण 701 किलोमीटर खुला झाला. कारला वेगमर्यादा ताशी 120. सिमेंटचा सरळ रस्ता, मे महिन्याचे ऊन आणि न थांबता तासन्‌तास पळणारी गाडी. आपल्या जुन्या रस्त्यांवर चाकांची अशी परीक्षा कधी होत नव्हती.

आपल्याकडे एक समज घट्ट बसला आहे: "उन्हाळ्यात हवा कमीच ठेवा, नाहीतर टायर फुटेल." माझे काकाही हेच सांगत. प्रत्यक्षात उलटे घडते. हवा कमी असली की टायरची बाजू प्रत्येक फेऱ्याला जास्त दबते आणि सुटते. तार वारंवार वाकवली की गरम होते, तसेच हे. वेग वाढला की ही उष्णता बाहेर पडण्यापेक्षा जास्त तयार होते, आतले थर सुटू लागतात आणि टायर फुटतो.

मग किती भरावी? ड्रायव्हरच्या दाराजवळच्या खांबावर कंपनीचे स्टिकर असते. त्यावर बहुधा दोन आकडे असतात, एक दोन-तीन माणसांसाठी आणि दुसरा पूर्ण भरलेल्या गाडीसाठी. आजी, मुले आणि संत्र्यांची पेटी घेऊन निघालात तर दुसरा आकडा तुमचा. टायरवर छापलेला मोठा आकडा मात्र कमाल मर्यादेचा असतो, तो भरायचा नाही.

हा आकडा थंड चाकाचा आहे. गाडी निदान तीन तास उभी असावी. तापमान साधारण 6 अंशांनी वाढले की दाब एक पीएसआयने वाढतो. म्हणून घरून 33 भरून निघालात तर सावनेरला 36-37 दिसेल. तिथे घाबरून हवा सोडू नका. सोडली, तर दुसऱ्या दिवशी सकाळी चाकात 29-30च उरेल.

चेन्नई किंवा कोइमतूरच्या रेस ट्रॅकवर गाडी पळवणारे मुद्दाम कमी हवेने सुरुवात करतात, हे खरे. पण तिथे काही फेऱ्यांतच टायर तापतो, दाब चढतो, आणि ते दर वेळी थांबून गेजने मोजतात. घरी परतताना पुन्हा रस्त्याची हवा भरतात. समृद्धी गुळगुळीत असला तरी ट्रॅक नव्हे. तरुण मंडळींनी हे विशेष लक्षात घ्यावे.

हवा बरोबर असूनही जुना टायर दगा देतो. टायरच्या कडेला चार आकडे असतात. 2319 म्हणजे 2019 च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. नक्षी 1.6 मिलिमीटरपेक्षा कमी उरली असेल तर तो बदलायलाच हवा. पाच-सहा वर्षे झाली असतील तर नक्षी चांगली दिसली तरी जाणकाराकडून तपासून घ्या.

आणि स्टेपनी! तिच्यात हवा आहे की नाही हे बहुतेकांना पंक्चर झाल्यावरच कळते. निघायच्या आदल्या संध्याकाळी तीही मोजून घ्या.