हरवलेला आल्बम आणि ट्रंकेतली कॅसेट

वाशीवरून बोलतोय. नवी मुंबईची नव्हे हं, आपली धाराशिव जिल्ह्यातली वाशी.

आज गोष्ट मुंबईच्या एका रॉक बँडची. नाव 'ॲटॉमिक फॉरेस्ट', काळ सत्तरच्या दशकातला. गिटारचा आवाज मुद्दाम फाटका, सूर लांबवत नेलेले, ऐकता ऐकता डोकं गरगरावं असं वाजवणं. याला सायकेडेलिक रॉक म्हणतात. त्यांचे गायक मधुकर चंद्रदास. १९७४ साली अलेक पदमसींनी 'जीझस ख्राइस्ट सुपरस्टार' बसवलं, त्यात येशू हेच होते. ज्यूडास होते नंदू भेंडे, म्हणजे आत्माराम भेंडेंचे चिरंजीव. पुढं 'तीन पैशाचा तमाशा'मधून मराठी रंगभूमीवर रॉक आणणारे तेच.

मग ही गाणी आपल्या कानावर कशी नाही आली? तर तेव्हा तबकड्यांचा धंदा चालायचा सिनेमाच्या गाण्यांवर. रॉक बँडला आल्बम मिळणं अवघडच. सिमला सिगारेटच्या जाहिरातीसाठी 'सिमला बीट' स्पर्धा व्हायची, तिच्या १९७० आणि १९७१च्या तबकड्या निघाल्या, म्हणून काही बँड निदान ऐकायला तरी उरले. ॲटॉमिक फॉरेस्टचा आल्बम एकच, 'ऑब्सेशन ७७'. नावात ७७, पण बाजारात आला १९८१ला. तोवर देश नाझिया हसनच्या डिस्कोवर नाचत होता. आल्बम गायब झाला.

पण काही प्रती जुन्या तबकड्या जमवणाऱ्यांच्या हाती लागल्या. शेवटी २०११ साली लॉस एंजेलिसच्या 'नाऊ-अगेन' कंपनीनं तो पुन्हा काढला, आधी कधी न निघालेल्या रेकॉर्डिंगसकट. म्हणजे कुणीतरी वस्तू जपली होती आणि वाजवणारे कोण हे सांगता येत होतं. यातलं एक जरी नसतं, तरी सगळं संपलं होतं.

आता हे मी का सांगतोय? आमच्या घरी ट्रंकेत आजोबांच्या भजनाची कॅसेट होती. मला सापडली तेव्हा टेपवर पांढरी बुरशी होती. मी शहाणा इंजिनिअर, स्वस्तातल्या प्लेअरमध्ये घातली आणि थेट प्ले दाबलं. टेप आत गुंडाळली, तुटली. आजोबांचा आवाज चार सेकंद ऐकला. दुसरी प्रत नव्हती.

म्हणून नीट ऐका. टेप म्हणजे प्लॅस्टिकची पट्टी, तिच्यावर चुंबकीय पावडर चिकटवलेली. दमटपणानं तो चिकटा सुटतो, बुरशी धरते. बुरशी दिसली तर वाजवूच नका, टेप साफ करणाऱ्या जाणकाराला दाखवा. टेप चांगली असली तरी आधी कॅसेटच्या वरच्या कडेचे दोन छोटे खुंट तोडा, म्हणजे चुकून तिच्यावर दुसरं काही रेकॉर्ड होणार नाही. प्लेअरचं हेड स्पिरिटनं पुसा. आवाज दबका येत असेल तर हेडचा कोन चुकलेला असतो, तो बारक्या स्क्रूनं जुळवता येतो. फोन स्पीकरसमोर धरून रेकॉर्ड करू नका, वायर लावा. फाईल वेव्ह ठेवा, ९६ किलोहर्ट्झ, २४ बिट. तासाला साधारण २ जीबी जागा लागते. व्हॉट्सॲपवर एमपीथ्री पाठवा की, पण मूळ फाईल दोन ठिकाणी ठेवा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, नावं लिहा. गातंय कोण, पखवाजावर कोण, कुठल्या गावातला कार्यक्रम, साल कुठलं. हे सांगणारी माणसं आज सत्तरी-ऐंशीत आहेत. माझ्या कॅसेटवर आजोबांना साथ कुणाची होती, हे आता सांगणारं कुणी नाही.

तेव्हा या रविवारी ट्रंक उघडा. फक्त लगेच प्ले दाबू नका. भेटू पुढच्या भागात!