टवका उडालेला चाकू

गेल्या गणपतीतली गोष्ट. मंडळाच्या प्रसादाचे एकवीस उकडीचे मोदक आमच्याकडे होते. फ्रोजन खोबऱ्याच्या मोदकांना चव नसते, असं आमच्या हिचं ठाम मत आहे. त्यामुळे तीन अख्खे नारळ आले. नारळ फोडायचं खातं माझं (गॅरेजची काँक्रीटची पायरी त्यासाठी उत्तम), आणि करवंटीतून खोबरं सुटं करायचं खातं चिरंजिवांकडे. आमच्याकडे खवणी नाही. दोनदा आणायची ठरली, पण दोन्ही वेळा वजनात बसली नाही.

थोड्या वेळाने चिरंजीव माझ्यासमोर येऊन उभे राहिले. वय वर्षं बारा. हात पाठीमागे. "बाबा, डोंट गेट मॅड."

हे वाक्य ऐकलं की काय करायचं ते तुम्हाला माहीतच आहे. मी आधीच चिडलो.

हातात आजोबांचा चाकू होता, म्हणजे माझ्या आजोबांचा. त्यांनी तो १९५२ साली मुंबईत लोहार चाळीत घेतला. नंतर तो बाबांकडे आला. बाबांनी परळच्या रेल्वे वर्कशॉपमधे फिटर म्हणून तीस-बत्तीस वर्षं काढली. तेवढी वर्षं चाकू त्यांच्या खिशात होता. डिसेंबर २०२२ मधे डोंबिवलीला मुलाची मुंज केली, तेव्हा बाबांनी तो नातवाच्या हातात ठेवला. मला मधे गाळून! चेक-इन बॅगेत सॉक्समधे गुंडाळून आम्ही तो मिशिगनला आणला. हाडाची पिवळट मूठ, आत पितळी पत्रे, एक मोठं पातं आणि एक छोटं. मोठ्या पात्यावर 'शेफील्ड' एवढंच वाचता येतं. बाकीची अक्षरं आमच्या तीन पिढ्यांच्या अंगठ्यांनी पुसून टाकली आहेत.

त्या मोठ्या पात्याच्या धारेचा, बरोबर मध्यावर, टवका उडाला होता. खोबऱ्यात खुपसून चाकू पिळला, आणि गेला.

मी नको तेवढं बोललो. "तुला वस्तूची किंमत नाही" पासून "आम्ही तुझ्या वयाचे असताना" पर्यंत सगळं. आमचा मुलगा स्काउटमधे आहे. तिथे चाकू बाळगायच्या परवान्याचं एक कार्ड मिळतं, त्याला 'टोटिन चिप' म्हणतात. चूक केली की कार्डाचा एक कोपरा कापायचा आणि चारही कोपरे गेले की परवाना रद्द, असा त्यांच्या ट्रूपमधे रिवाज आहे. पठ्ठ्याने स्वतःच कात्री आणून कार्ड माझ्यापुढे धरलं. मी कोपरा कापला. ते आता आठवलं की जरा लाज वाटते. का, ते पुढे येईलच.

आता थोडं इंजिनियरिंग. सौभाग्यवती म्हणतात की हा भाग लोक गाळतात, पण मला तोच आवडतो. चाकूची धार दोन तऱ्हांनी बिघडते. पोलाद मऊ असेल तर धार दुमडते. ती घासून सरळ करता येते. पोलाद कडक असेल तर धार दुमडत नाही, तिचा तुकडा पडतो. लाल मुठीच्या स्विस आर्मी चाकूचं पोलाद रॉकवेल मापात ५६ च्या आसपास असतं. म्हणून तो सहसा दुमडतो, तुटत नाही. हल्ली लग्नात भेट मिळणाऱ्या जपानी किचन नाइफचं पोलाद बहुधा ६० च्या वर असतं. त्याने टोमॅटो लोण्यासारखा कापला जातो, पण फ्रोजन चिकन, मटणाचं हाड किंवा लाल भोपळ्याचं कडक साल यांच्याशी त्याची गाठ घालू नका. आणि कोणताही चाकू सरळ दाबला तर बरंच सोसतो, पिळला की संपला. धारेची कड इतकी पातळ असते की आडवा जोर ती पेलूच शकत नाही.

(खोबरं सुटं करायचं असेल तर फुटका नारळ रात्रभर फ्रीझरमधे ठेवा, नाहीतर पंधरा-वीस मिनिटं गरम ओव्हनमधे. खोबरं करवंटी सोडतं. हे मला नंतर कळलं.)

आमचा चाकू स्टेनलेस नाही. स्टेनलेस पोलादही शेफील्डचंच. १९१३ साली हॅरी ब्रिअर्ली यांनी तिथे साधारण तेरा टक्के क्रोमियम घालून ते केलं. पण साध्या कार्बनच्या पोलादाचे खिशातले चाकू त्यानंतरही कितीतरी वर्षं बनत राहिले. आमचा त्यातला. त्याने कैरी कापली की पातं काळं पडतं आणि ओला ठेवला तर गंजतो. आमच्या तपासाला नेमका हाच गुण उपयोगी पडला.

सोमवारी लंच-अवरमधे ऑफिसच्या लॅबमधे चाकू मायक्रोस्कोपखाली धरला. टवका दोन मिलिमीटर लांब आणि सहा दशांश मिलिमीटर खोल होता. नुकतंच मोडलेलं पोलाद चकचकीत करडं दिसतं, तसं ते बहुतेक ठिकाणी दिसत होतं. पण एका टोकाला काळा, चेपलेला भाग होता. काळा म्हणजे जुना. नारळाच्या आधी कितीतरी दिवस, कदाचित कितीतरी वर्षं, तिथे धारेला मार बसलेला होता.

त्या शनिवारी बाबांना व्हिडिओ कॉल लावला. खरं तर त्यांना सांगायचंच नाही असं ठरलं होतं. चिरंजिवांनी पहिल्या मिनिटाला सांगून टाकलं. मला वाटलं, बाबा आता गप्प होतील. त्यांनी एवढंच विचारलं, "बरोबर मधे उडालाय का रे?"

"हो."

"मिटताना टक् आवाज येतो?"

मुलाने कॅमेऱ्यासमोर चाकू मिटला. टक्.

"तो यायला नको," बाबा म्हणाले. "स्प्रिंगला आतून निळं लावून बघ."

फिटर लोकांना हे निळं म्हणजे काय ते सांगायला नको. प्रशियन ब्लू. दोन भाग कुठे टेकतात ते पाहायचं असेल तर एकाला त्याचा पातळ हात द्यायचा, दुसरा टेकवायचा आणि डाग कुठे उमटतो ते बघायचं. आमच्या घरात प्रशियन ब्लू नव्हता, हिची लिपस्टिक होती. काडीने ती मुठीच्या आत, मागच्या स्प्रिंगवर लावली. चाकू मिटून उघडला. लाल डाग नेमका टवक्याच्या दोन्ही कडांना!

म्हणजे प्रत्येक वेळी चाकू मिटताना धार स्प्रिंगवर आपटत होती. असं होऊ नये म्हणून पात्याच्या मुळाशी, धारेच्या बाजूला एक बारीक उंचवटा ठेवलेला असतो. मिटल्यावर तो स्प्रिंगवर टेकतो आणि धार अधांतरी राहते. आमच्या चाकूचा तो उंचवटा जवळजवळ सपाट होता. कानसीच्या रेघा स्पष्ट दिसत होत्या.

मी फोनकडे बघितलं. बाबा चष्मा पुसत होते.

"एक्क्याण्णव साली धारवाल्याला दिला होता," ते म्हणाले. "त्याच्या चाकावर फार पातं गेलं. धार वर सरकली, टोकही वर सरकलं. मिटल्यावर टोक मुठीच्या बाहेर राहायला लागलं आणि खिसा फाटायचा. मग मी वर्कशॉपमधे तो उंचवटा घासला. पातं आत बसलं, टोक लपलं. पण हात दोन केस जास्त चालला."

"मग तुम्हाला माहीत होतं?"

"माहीत होतं म्हणून तर मी हळू मिटायचो."

आणि मला लख्ख आठवलं. बाबा चाकू कधीच फटकन मिटत नसत. सफरचंद कापून झालं की पातं धोतराच्या जुन्या फडक्याने पुसायचे आणि अंगठा नि बोट मधे धरून, झोपलेल्या मुलाच्या अंगावर पांघरूण घालावं तसं सावकाश मिटायचे. आम्ही भावंडं त्यांची नक्कल करून हसायचो. आम्हाला वाटायचं, ती त्यांची सवय आहे.

"नातवाला सांगायचं राहून गेलं," बाबा म्हणाले. "मुंजीच्या गडबडीत."

मुलगा शेजारी उभा राहून ऐकत होता. त्याचं मराठी बोलणं यथातथा, पण समजतं सगळं. त्याने माझ्याकडे नुसतं पाहिलं. मी ड्रॉवरमधून ते कार्ड काढलं आणि कापलेला कोपरा टेपने चिकटवून दिला. तो म्हणाला, "पण मी ट्विस्ट केला होताच." खरं होतं. आम्ही दोष तिघांत वाटून घेतला, आणि नारळाचं काम त्यालाच सांगितलं म्हणून थोडा हिलाही दिला. तिने तो घेतला नाही.

दुरुस्तीचा सल्ला बाबांनी दिला, काम नातवाने केलं. माझ्याकडे फक्त गॅरेजला कुलूप लावायचं काम होतं. कारण तिथे माझा बेंच ग्राइंडर आहे आणि माझा हात सारखा तिकडे जात होता. बाबांनी निक्षून सांगितलं, मशिनवर नको. पातळ धार क्षणात तापते. साधारण २३० सेल्सियसला पोलादावर गवताचा पिवळा रंग चढतो, ३०० ला निळा. निळं झालं की तिथलं पाणी गेलं, पुन्हा धार टिकत नाही. धारवाल्याच्या चाकावर थोडं तसंच झालं असावं, असा त्यांचा जुना संशय आहे.

म्हणून हातानेच. कार्बोरंडमचा भरड दगड, भरपूर पाणी. हा दगड तसा अमेरिकेचाच. १८९१ साली पेनसिल्व्हेनियात अ‍ॅचेसन यांना विजेच्या भट्टीत सिलिकॉन कार्बाइड सापडलं, तेव्हापासूनचा. पहिली पायरी जिवावर येणारी आहे. पातं दगडावर काटकोनात, उभं धरायचं आणि आहे ती धार चक्क बोथट करायची, टवका जाईपर्यंत. खड्डा भरता येत नाही, आजूबाजूची जमीन त्याच्या पातळीला आणावी लागते. पहिल्या दोन-चार हातांना मुलाने डोळेच मिटले होते.

इथे आमचा वाद झाला. माझं म्हणणं, पूर्ण सहा दशांश काढून टाकू. बाबा म्हणाले, "पाच काढ. उरलेला पुढच्या दोन-तीन धारांत आपोआप जाईल. काढलेलं पोलाद परत घालता येत नाही." मग मी कागदावर आकृती काढली. धार अर्धा मिलिमीटर वर गेली की ती स्प्रिंगला टेकणार नाही. टोकही थोडं वर येईल, पण १९९१ साली ते जास्तच आत गेलं होतं, त्यामुळे मुठीबाहेर येणार नाही. म्हणजे बाबांचा हात दोन केस जास्त चालला होता तेवढंच पोलाद आता काढायचं होतं. बाबांनी आकृती कॅमेऱ्यात नीट बघितली, दोनदा. मग म्हणाले, "बसतंय."

मग कोन. खिशातल्या चाकूला दर बाजूला वीस अंश ठीक असतात. अंश मोजायला साधन नको. आमच्या पात्याची रुंदी सोळा मिलिमीटर. पात्याची पाठ दगडापासून सव्वापाच मिलिमीटर उचलली तर एकोणीस-वीस अंश होतात. अमेरिकन क्वार्टर पावणेदोन मिलिमीटर जाड असतो, तेव्हा तीन क्वार्टर एकावर एक. नाणी पाठीखाली ठेवून कोन हाताला कळला की नाणी काढून घ्यायची. एका बाजूला घासत राहिलं की दुसऱ्या बाजूला केसाएवढी कड वळते, बोटाला लागते. ती लागली की बाजू बदलायची. नंतर हजार नंबरचा दगड, शेवटी माझा जुना कातडी पट्टा.

दोन रविवार गेले. मधल्या आठवड्यात त्याच्या बोटांच्या कातडीला काळा रंग होता आणि शाळेत विचारलं तर तो अभिमानाने सांगत होता म्हणे. टवक्याची एक बारीक खूण अजून आहे, नखाला लागते. ती दिवाळीच्या धारेत जाईल.

काम झाल्यावर पुन्हा डोंबिवलीला फोन लावला. डोंबिवलीत सकाळचे सात वाजले होते, बाबा चहा घेत होते. मुलाने चाकू मायक्रोफोनजवळ धरून मिटला.

"मला काही ऐकू आलं नाही," बाबा म्हणाले. "नेटवर्क गेलं की काय? परत मिट बघू."

त्याने परत मिटला.