कुठली हवा चांगली?

मे महिना लागला की दवाखान्याच्या बाकावर एक वाद हमखास रंगतो. कुणाची बहीण नागपूरला दिलेली असते, कुणाचा मुलगा नाशिकला नोकरीला असतो, कुणी नुकताच चंद्रपूरचे लग्न आटोपून आलेला असतो. “तिकडे पंचेचाळीस होते हो, बारानंतर रस्त्यावर कुत्रेसुद्धा दिसत नाही!” “मग आमची वसई बघा. पस्तिसाच्या वर पारा जात नाही, शेजारी समुद्र आहे.” हल्ली या वादात अमेरिकाही आली आहे. एकाचा भाचा फिनिक्सला, दुसऱ्याची लेक ह्यूस्टनला. फिनिक्समध्ये २०२३ च्या उन्हाळ्यात सलग ३१ दिवस पारा ४३ अंशांच्या पुढे होता हे ऐकून सगळे हळहळतात. ह्यूस्टनची लेक मात्र फोनवर सांगते, “बाबा, इथे अगदी आपल्यासारखेच चिकचिकते.” एकंदरीत निकाल वसईच्या बाजूने लागतो आणि मंडळी समाधानाने कपाळाचा घाम पुसतात.

तो कपाळावरून पुसावा लागणारा घाम हाच आजचा विषय आहे.

हवेची अशी तुलना करण्याची आपली खोड जुनी आहे. १८५० मध्ये ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट माथेरानच्या डोंगरावर चढला आणि साहेबांना उन्हाळ्यासाठी एक थंड ठिकाण मिळाले. पुढे क्षयाच्या रोग्यांना पाचगणीला किंवा मिरजेला पाठवू लागले. क्षयावर औषधच नव्हते, तेव्हा हवा हेच औषध. स्ट्रेप्टोमायसिन आले आणि तो काळ संपला, पण ‘हवापालट’ हा शब्द राहिला, आणि हवा म्हणजे थंडपणा, पाऱ्याचा आकडा, ही समजूतही राहिली.

आता एक साधी गोष्ट पाहा. नागपूरच्या पाहुण्याने वसईत येऊन कूलर लावला तर काय होते? खोली थंड होत नाही, उलट गाद्या दमट होतात. तसेच माठाचे. अकोल्याच्या माठातले पाणी दात आंबवते, तोच माठ अर्नाळ्याला आणून ठेवा, पाणी जेमतेम गार होईल. कूलर काय आणि माठ काय, दोन्ही पाण्याची वाफ होण्यावर चालतात. वाफ होताना उष्णता ओढून घेतली जाते. आपल्या हवेत आधीच पाणी भरलेले, त्यामुळे आणखी वाफ सहजी सामावत नाही.

आपले शरीर हाही एक माठच आहे. बाहेरची हवा अंगाच्या उष्णतेइतकी तापली की शरीराकडे थंड होण्याचा एकच मार्ग उरतो, घामाचा. एक लिटर घाम कातडीवर पूर्ण सुकला तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. पण सुकला तर! जो घाम टपटप गळतो, बनियन भिजवतो, रुमालाने टिपला जातो, त्याने थंडावा जवळपास काहीच मिळत नाही. पाणी आणि मीठ मात्र गेले ते गेलेच.

हे मोजायची सोपी रीत आहे. तापमापकाच्या फुग्याला ओले फडके गुंडाळायचे आणि वारा घालायचा. ओले फडके जितके गार होईल तितकेच घामाचे अंग गार होऊ शकते. ४४ अंश उष्णता आणि १५ टक्के आर्द्रता, म्हणजे विदर्भातली कोरडी दुपार, अशा वेळी हा ओला तापमापक सुमारे २३ अंश दाखवील. ३५ अंश आणि ६५ टक्के आर्द्रता, म्हणजे आपली मे महिन्यातली दुपार, यात तोच २९ च्या पुढे जातो. कातडीचे तापमान साधारण ३५ अंश. म्हणजे घाम सुकायला चंद्रपूरकराला मोकळे रान आहे आणि वसईकराला चिंचोळी गल्ली. याचा अर्थ चंद्रपूरचे ऊन निरुपद्रवी आहे असा मुळीच नाही. ते फार लवकर पाणी शोषते आणि माणसे मारते. पण तिथल्या माणसाला त्याची भीती आहे. तो दुपारी बारा ते चार घरात बसतो, डोक्याला उपरणे गुंडाळतो, पन्हे पितो. आपण पस्तिसाचा आकडा वाचून भर दुपारी हळदीच्या मांडवात नाचतो आणि नवरदेवाला थ्री-पीस सूट घालतो.

२०२३ च्या १६ एप्रिलची खारघरची घटना वाचकांना आठवत असेल. महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा, उघडे मैदान, लाखोंचा समुदाय, आणि उष्माघाताने १४ मृत्यू. त्या दिवशी त्या भागात पारा ३८ च्या आसपास होता. नागपूरचा माणूस ३८ ला उन्हाळा म्हणणार नाही. पण ती खाडीकाठची दमट हवा होती, आणि माणसे तासन्‌तास उन्हात बसली होती.

आपल्या किनाऱ्यावर असे दिवस कसे येतात तेही समजून घेण्यासारखे आहे. एरवी सकाळी उशिरा समुद्रावरून वारा सुटतो आणि पारा आवरला जातो. मार्च-एप्रिलमध्ये कधी कधी पूर्वेकडून जमिनीवरचा तापलेला वारा जोर धरतो, समुद्राचा वारा दुपारपर्यंत येतच नाही, आणि पारा एकदम तीन-चार अंशांनी चढतो. सांताक्रूझला १४ एप्रिल १९५२ रोजी ४२.२ अंशांची नोंद झाली होती. अर्नाळ्याच्या किंवा भुईगावच्या किनाऱ्यावर राहणाऱ्याला हे सांगावे लागत नाही. दुपारी झावळ्या हलल्या नाहीत की तो समजतो.

थंड म्हणून नाव असलेले गाव कसे फसवते याचे उदाहरण अमेरिकेतच आहे. शिकागो म्हणजे सरोवराकाठचे, बर्फाचे शहर. जुलै १९९५ मध्ये तिथे काही दिवस दमट उष्मा पडला आणि सातशेहून अधिक माणसे दगावली. बरीचशी वृद्ध, वरच्या मजल्यांवर एकटी राहणारी, चोरांच्या भीतीने खिडक्या बंद करून बसलेली. हे वाचताना मला आपल्याकडच्या इमारतींचे शेवटचे मजले आठवतात. स्लॅब दिवसभर तापतो, रात्री घरात उष्णता सोडतो, मुले विरार लोकलने कामाला गेलेली, आजी एकटी, आणि डासांसाठी खिडक्या लावलेल्या.

म्हणून ‘वसईची हवा’ असे काही एक नाहीच. निर्मळ-वाघोलीच्या वाडीत, विहिरीशेजारी, केळीच्या सावलीत एक हवा आहे. तुळिंजच्या चाळीत दुसरी. आणि वालीव-सातिवलीच्या पत्र्याच्या गाळ्यात तिसरी. ही तिसरी मी महाराष्ट्रातल्या सर्वांत वाईट हवांपैकी एक मानतो, मग वर्तमानपत्रातला आकडा काहीही असो.

अशाच एका गाळ्यातला तिशीचा कामगार काही वर्षांपूर्वी त्याच्या सोबत्यांनी रिक्षातून आणला. प्लास्टिकच्या मशीनवर काम, गावाहून परतून चौथा दिवस. तो असंबद्ध बोलत होता, म्हणून सोबत्यांना वाटले, प्यायला आहे. अंग घामाने निथळत होते. काखेत १०५ ताप. त्याला तिथेच फरशीवर निजवून कपडे उतरवले, बादल्यांनी पाणी ओतले, पंखा लावला, आणि भानावर यायला लागल्यावर मोठ्या रुग्णालयात पाठवला. तो वाचला.

या रुग्णात दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. उष्माघातात अंग कोरडे पडते असे आपण ऐकतो. पण मेहनतीच्या कामात झालेल्या उष्माघातात रोगी घामाने भिजलेला असू शकतो. घामाकडे नव्हे, डोक्याकडे पाहा. चक्कर, मळमळ, पायात गोळे, डोकेदुखी, इथवर सावलीत निजवून पाणी पाजले की बहुधा भागते. पण माणूस बरळू लागला, चिडचिडा झाला, झोकांड्या खाऊ लागला की तो उष्माघात समजावा. १०८ ला फोन करावा आणि गाडी येईपर्यंत हातावर हात ठेवून बसू नये. नळाचे, हापशाचे, मिळेल ते गार पाणी अंगभर ओतत राहावे आणि वारा घालावा. बर्फ मिळाल्यास फडक्यात गुंडाळून मानेला, काखेत, जांघेत ठेवावा. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात पाणी घालू नये. कांदा हुंगवण्यात वेळ दवडू नये. पॅरासिटामॉलने हा ताप उतरत नाही.

दुसरी गोष्ट त्या चौथ्या दिवसाची. शरीराला उष्म्याची सवय व्हायला एक-दोन आठवडे लागतात. सुटीवरून आलेल्या किंवा नव्या कामगाराला पहिले काही दिवस निम्मे काम द्यावे, हे गाळेमालकांनी मनावर घ्यावे. भट्टीपाशी उभ्या राहणाऱ्या आचाऱ्यालाही हेच लागू.

पाणी किती प्यावे असे सगळे विचारतात. लघवी गडद पिवळी होऊ न देण्याइतके, हे माझे उत्तर. खूप घाम गाळणाऱ्याने पेज, ताक, लिंबू-मीठ-साखरेचे सरबत घ्यावे. ओआरएसचे मोठे पाकीट एक लिटर पाण्यातच कालवावे, पेल्यात नव्हे. रक्तदाबाच्या किंवा हृदयाच्या रुग्णांनी मीठ आपल्या मनाने वाढवू नये. त्यांच्या गोळीत लघवी वाढवणारे औषध असेल तर मार्चमध्येच डॉक्टरांना दाखवून घ्यावे, गोळी स्वतःहून बंद करू नये. आणि ताडी हे उन्हाळ्यावरचे औषध नव्हे. हे लिहिल्याबद्दल गावातले माझे काही जुने स्नेही रागावतील, त्याला इलाज नाही.

दम्याच्या रुग्णांचा वाद वेगळा आहे. दमट घरातल्या गादीत वाढणाऱ्या धुळीतल्या किड्यांना आपली हवा फार मानवते आणि उंचावरची कोरडी हवा मानवत नाही, त्यामुळे पाचगणीला बरे वाटते ही त्यांची तक्रार खरी आहे. भिंतीवरच्या बुरशीबद्दल पाऊस सुरू झाल्यावर लिहीन.