विमानतळापासून मुक्कामापर्यंत

सोलापूर आणि कलबुर्गी या दोन शहरांच्या साधारण मधोमध, अक्कलकोट तालुक्याच्या कर्नाटकाकडील सरहद्दीवर वसलेल्या दुधनीला आगगाडीचा परिचय फार जुना आहे. मुंबईहून मद्रासच्या दिशेने निघालेला ग्रेट इंडियन पेनिन्सुला कंपनीचा लोहमार्ग 1871 साली रायचूरपर्यंत जाऊन पोहोचला, तेव्हापासून या मुलखातल्या माणसाने परगावी जायचे म्हणजे स्टेशनावर उतरायचे, टांगा करायचा आणि जवळच्या धर्मशाळेत वळकटी टाकायची, हाच प्रघात होता. आगगाडी प्रवाशाला शहराच्या वस्तीत नेऊन सोडते; विमानाला मात्र लांबलचक धावपट्टी आणि निर्वेध आकाश लागत असल्यामुळे ते त्याला शहराच्या वेशीबाहेर उतरविते, आणि तिकिटावरील कराराची समाप्तीही तेथेच होते. 15 ऑक्टोबर 1932 रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला आले तेव्हा त्यांच्या विमानात टपालाच्या थैल्या होत्या, आणि टपालाला खोली शोधावी लागत नाही. प्रवाशाला लागते.

निर्वेध आकाश किती महाग पडते हे सोलापूरकरांना सांगावयास नको. होटगी रस्त्यावरच्या विमानतळाच्या मार्गात येणारी सिद्धेश्वर सहकारी साखर कारखान्याची चिमणी, पुष्कळ वादविवाद आणि कज्जेदलालीनंतर, 15 जून 2023 रोजी पाडण्यात आली. तेथून नियमित विमान सुरू झाले ते गोव्याचे, 9 जून 2025 रोजी, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात मुंबईचे. त्यामुळे दुधनीच्या बाजारपेठेतला तुरीचा अडत्या दिल्लीच्या नया बाजारातील डाळीच्या व्यापाऱ्यांना भेटावयास निघाला, तर सोलापूरहून मुंबई आणि मुंबईत विमान बदलून दिल्ली, असा विचार तो आता करू शकतो. या लेखात त्याच्याच पावलांनी जावे हे बरे.

जोडविमानाच्या प्रवासात शेवटच्या टप्प्याची तजवीज पहिल्या विमानतळावरच करावी लागते. दोन्ही विमानांचे तिकीट एकाच आरक्षण क्रमांकावर असेल तर पहिल्या विमानाच्या विलंबाने दुसरे चुकल्यास पुढची सोय लावण्याची जबाबदारी कंपनीकडे राहते. स्वस्ताईच्या मोहाने दोन तिकिटे वेगवेगळी काढली तर दुसऱ्या कंपनीच्या लेखी तो केवळ वेळेवर न आलेला इसम ठरतो. तसेच सामान देताना त्याच्या पट्टीवर ‘डीईएल’ ही दिल्लीची अक्षरे आहेत की मुंबईची ‘बीओएम’, हे काउंटरवरून हलण्यापूर्वी पाहून घ्यावे. मुंबईची असतील तर तेथे पट्ट्यावरून बॅग उचलून ती पुन्हा सुपूर्द करण्याचा खटाटोप आलाच. आखातातून परतणाऱ्या आप्तांना तर हा खटाटोप बहुधा चुकत नाही, कारण देशात जेथे पहिले पाऊल पडते तेथेच सामान ताब्यात घेऊन जकातीच्या अधिकाऱ्यांसमोरून न्यावे, असा सर्वसाधारण रिवाज आहे. शिवाय मुंबईची दोन टर्मिनले एकमेकांना लागून नाहीत. एक सांताक्रूझच्या अंगाला, दुसरे सहारला, आणि मध्ये शहराची रहदारी. डिसेंबर 2025 पासून नवी मुंबईचा विमानतळही वाहता झाल्याने तिकिटावर केवळ ‘मुंबई’ वाचून स्वस्थ बसण्याचे दिवस संपले.

दिल्लीला विमान उतरले की खरा प्रश्न उभा राहतो. पट्ट्यावर बॅग आलीच नाही, तर त्या दालनातून बाहेर पडण्यापूर्वी कंपनीच्या मेजावर लेखी तक्रार नोंदवून तिची पावती घ्यावी; एकदा बाहेर पडल्यावर दाद मागणे फार जड जाते. बॅग हाती आली की टर्मिनल 3 वरून एअरपोर्ट एक्स्प्रेस ही मेट्रो धरावी. 23 फेब्रुवारी 2011 रोजी सुरू झालेली ही गाडी एरोसिटी, धौला कुआँ आणि शिवाजी स्टेडियम एवढीच स्थानके घेत सुमारे वीस मिनिटांत नवी दिल्ली स्थानकात पोहोचते, आणि रस्त्यावरच्या कोंडीशी तिचा काही संबंध नसतो. टर्मिनल 1 वर उतरणाऱ्याला ही गाडी तेथे मिळत नाही. त्याच्यासाठी मेट्रोची मॅजेन्टा नावाची निराळी मार्गिका आहे.

मेट्रोचे नवी दिल्ली स्थानक रेल्वेच्या रुळांच्या अजमेरी गेटकडील बाजूला आहे, आणि माफक भाड्याच्या हॉटेलांची गर्दी असलेले पहाडगंज, जेथे बृहन्महाराष्ट्र भवनही आहे, ते रुळांच्या पलीकडे. नकाशावर हे अंतर बोटाच्या पेराएवढेही दिसत नाही. प्रत्यक्षात मात्र बॅग ओढत जिने चढून, स्थानकाच्या पादचारी पुलावरून सगळे फलाट ओलांडून पलीकडे उतरावे लागते. नेमक्या याच ठिकाणी एखादा सद्गृहस्थ भेटतो, तिकीट विचारतो, या पुलावरून जाण्याची मनाई आहे असे अधिकारवाणीने सांगतो, आपले हॉटेल कोणते याची आस्थेने चौकशी करतो आणि ते बंद पडल्याची वार्ता खेदपूर्वक देतो. लगोलग एक रिक्षा हजर होते. दुधनीच्या माणसाच्या घरात कन्नड, कचेरीत मराठी आणि बाजारात दख्खनी वळणाची हिंदी चालते. त्याच्या बोलण्यावरून तो परमुलखातला आहे हे त्या सद्गृहस्थाला पहिल्या वाक्यातच उमगते. यावर वाद घालण्यात अर्थ नाही. हॉटेलचा दूरध्वनी क्रमांक घरून निघतानाच कागदावर लिहून घेतलेला असावा, आणि त्या गृहस्थाच्या फोनवरून नव्हे, स्वतःच्या फोनवरून तेथे विचारावे.

मेट्रो मध्यरात्रीच्या सुमारास थांबते, आणि जोडविमान उशिरा येण्याचा संभव नेहमीच अधिक. म्हणून प्रीपेड टॅक्सीची रीत ठाऊक असावी. पोलिसांच्या खिडकीवर मुक्कामाचे ठिकाण सांगून भाडे आगाऊ भरले की चिठ्ठी मिळते. ती चिठ्ठी चालकाच्या हाती देण्याची घाई करू नये, कारण ती दाखविल्यावरच त्याला त्याचे पैसे मिळतात. मुक्कामाच्या दारात उतरून, सामान मोजून घेतल्यावर ती द्यावी. वाटेत ‘आधी चिठ्ठी द्या’ असा आग्रह सुरू झाला तर नम्रपणे बहिरे व्हावे. ॲपवरची मोटार स्वस्त पडते खरी, परंतु ती दारात येत नाही, नेमून दिलेल्या जागी जाऊन गाठावी लागते, आणि विमाने एकामागून एक उतरली की तिचे भाडेही चढते.

शहरात आल्यावर हॉटेलच्या मेजावर ओळखपत्र आणि नोंदवहीतील सही यांचा सोपस्कार असतो. त्यात अपमान मानण्याचे कारण नाही. सराईत उतरणाऱ्या वाटसरूंची व्यवस्था लावणारा कायदा या देशात 1867 सालीच झाला, म्हणजे दुधनीला आगगाडी येण्याच्याही आधी. अडचण येते ती वेळेची. पहाटेच्या विमानाने आलेला पाहुणा सात वाजता दारात उभा राहतो आणि खोली दुपारी बारानंतर मिळणार असते. येण्याची वेळ आदल्या दिवशी कळविली असेल तर पुष्कळ ठिकाणी सामान ठेवून घेतात आणि हातपाय धुण्याची सोय करून देतात. आणि आमच्या अडत्याने तेवढ्या वेळात नया बाजार गाठायचे ठरविले, तर तो बाजार पडतो अजमेरी गेटच्याच बाजूला, तेव्हा पूल त्याला पुन्हा ओलांडावा लागेल. पण आता हात मोकळे असतील.