समुद्र नसलेली कथा

दापोली तालुक्यातल्या मुरुडला आमचा दोन दिवसांचा अभ्यासवर्ग होता. विषय साधाच: कथानक, निवेदक, वातावरण, उपरोध, प्रतीक या संज्ञा कार्यकर्त्यांना आणि विद्यार्थ्यांना समजावून सांगणे. मी व्याख्या फळ्यावर लिहिल्या, मुलांनी त्या वहीत उतरवून घेतल्या. मग एका विद्यार्थिनीने आपली कथा पुढे केली. एका स्पर्धेतून ती परत आली होती. समासात परीक्षकाचा शेरा होता: ‘समुद्रकाठचे गाव, पण वातावरणनिर्मिती नाही.’

कथा मी तिथेच वाचली. दुसऱ्याच्या वाडीत सुपारी सोलणाऱ्या म्हातारीची ती कथा. समुद्र खरोखरच कुठे नव्हता. “का गं?” मी विचारले. ती म्हणाली, “सर, आजी अंधारात जायची नि अंधारात परत यायची. सोलायला बसली की समुद्र तिच्या पाठीमागं असायचा.”

फळ्यावरची माझी व्याख्या मी पुसली.

वातावरण म्हणजे निसर्गवर्णन नव्हे. घटना घडते ते स्थळ, तो काळ आणि तिथे कोणी कुठवर जायचे याचे नियम, हे सारे मिळून कथेचे वातावरण होते. कोकणात ‘वाडी’ या शब्दाला दोन अर्थ आहेत. नारळी-पोफळीची बाग ती वाडी आणि माणसांची वस्ती तीही वाडी. बागमालकाच्या कथेत पहिला अर्थ पुरतो. मजुराच्या कथेत दोन्ही येतात, आणि दोन वाड्यांमधली वाट हेच कथानक होऊन बसते. पांढरपेशा समीक्षेला नेमकी ही वाट दिसत नाही.

काय दिसावे हे ठरवतो निवेदक. निवेदक म्हणजे लेखक नव्हे. कथा सांगण्यासाठी लेखकाने उभा केलेला तो आवाज. ‘मी’ म्हणणारा निवेदकही सर्वत्र सारखा नसतो. मुरुड हे महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे गाव. परीक्षेसाठी ते साताऱ्यापर्यंत पायी गेले आणि वय लहान दिसते म्हणून त्यांना बसू दिले नाही, हे त्यांच्या ‘आत्मवृत्ता’त (१९१५) आहे. कष्ट खरेच होते. पण त्या ‘मी’ला अडवतात ते अंतर, घाट आणि वय. बाबुराव बागुलांच्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’ (१९६३) या कथेतला ‘मी’ नोकरीसाठी परगावी जातो, आणि त्याला राहायला खोली मिळते ती जात लपवूनच.

उपरोध समजून घ्यायला याच कथेइतके चांगले उदाहरण मला माहीत नाही. निवेदकाची जात वाचकाला माहीत आहे, घरमालकाला नाही. त्यामुळे घरमालकाच्या प्रत्येक गोड शब्दाने आपल्या छातीत धस्स होते. शीर्षकातला ‘चोरली’ हा शब्दही पाहा. माणसाचे माणूसपण ज्यांनी हिरावले ते साव, आणि चार दिवस माणसासारखा जगला तो चोर! बोलले जाते एक आणि वाचकाला कळते नेमके उलटे, तो उपरोध.

प्रतीकाबद्दल थोडक्यात. प्रतीक बाहेरून आणून चिकटवायचे नसते. याच रत्नागिरी जिल्ह्यातल्या ऊर्मिला पवार यांच्या आत्मकथनाचे नाव ‘आयदान’ (२००३). आयदाने म्हणजे बांबूची विणलेली सुपे-टोपल्या. त्यांची आई ती विणून घर चालवी. आईचे विणणे आणि लेकीचे लिहिणे एका धाग्याचे आहे हे त्या शब्दातून कळते. पण आधी ती खरीखुरी टोपली आहे, बाजारात विकली जाणारी.

“मग समुद्र घालू का, सर?” मुलीने विचारले. मी म्हणालो, आजीला विचार.

दुसऱ्या दिवशी तिने एकच वाक्य वाढवून आणले. आजी सोललेल्या सुपाऱ्या मोजते आहे, आणि पाठीमागच्या लाटांच्या आवाजात तिचा आकडा चुकतो. कथा पुन्हा कुठे पाठवायची की नाही, हे तिने अजून ठरवलेले नाही.